पेपर क्लास : मंजूर अभ्यासक्रम, न भरलेले वर्ग आणि प्राध्यापकांच्या समित्या

नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवारात फुटबॉल प्रशिक्षकांची एक बैठक झाली. खेळाडूंच्या अभ्यासाची काळजी घेणाऱ्या समुपदेशकांनी त्या बैठकीत एक स्लाइड दाखवली. अभ्यासात मागे असलेल्या खेळाडूंना आजवर कोणत्या वर्गांत बसवले जात होते, याचे त्यात वर्णन होते. वर्गात जावे लागत नाही, टिपणे काढावी लागत नाहीत, जागे राहावे लागत नाही, प्राध्यापकांना भेटावे लागत नाही. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की असे वर्ग आता उरलेले नाहीत.

ते उरले नव्हते, कारण ज्या सचिवबाई ते चालवत होत्या त्या त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. विद्या परिषदेसारख्या कोणत्याही मंडळाचा ठराव, अधिष्ठात्यांचा आदेश किंवा प्राध्यापकांच्या समितीची शिफारस यामागे नव्हती. सोळा वर्षे चाललेला प्रकार एका कर्मचाऱ्याच्या निवृत्तीमुळे मंदावला, आणि तरीही विभागप्रमुखांनी पुढची दोन वर्षे तो थोड्या प्रमाणात चालू ठेवला.

हे प्रकरण खेळातला घोटाळा म्हणून गाजले. पण अभ्यासक्रम आणि शैक्षणिक धोरणांवर देखरेख करणाऱ्या समित्यांसाठी त्यात शिकण्यासारखे खूप आहे, आणि ते खेळाशी फारसे संबंधित नाही. म्हणून इथे भर आहे तो यंत्रणेवर: कोणता कागद कोणाकडे जात होता, कोणाला काय दिसत होते आणि कोणाला काहीच दिसत नव्हते.

काय घडले

आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अध्ययन विभागात १९९३ ते २०११ या काळात असे कोर्स दिले गेले, ज्यांत शिकवणे जवळजवळ नव्हतेच. विद्यार्थ्याने सत्राच्या शेवटी एक लांबलचक निबंध द्यायचा, बस्स. म्हणून त्यांना पेपर क्लास हे नाव पडले. विषय ठरवून देणे, निबंध स्वीकारणे आणि श्रेणी देणे ही कामे विभागाच्या कार्यालयीन सचिव डेबोरा क्राउडर करत. त्या प्राध्यापक नव्हत्या. प्रस्तावना आणि समारोपावर नजर टाकायची, पाने पुरेशी आहेत का ते पाहायचे आणि ए किंवा बी द्यायचा, अशी त्यांची रीत असल्याचे चौकशीत पुढे आले. कागदोपत्री शिक्षक म्हणून नाव होते विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो यांचे. १९९२ ते २०११ असे जवळजवळ वीस वर्षे ते पद त्यांच्याकडे होते.

केनेथ वेनस्टीन या माजी सरकारी वकिलांचा अहवाल २२ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी किमान एक पेपर क्लास घेतला. व्याख्यान म्हणून नोंदलेल्या अशा वर्गांतील ४७ टक्क्यांहून अधिक नोंदण्या खेळाडूंच्या होत्या. एकूण विद्यार्थ्यांत खेळाडूंचे प्रमाण मात्र ४ टक्क्यांच्या आसपास होते. पेपर क्लासमधील सरासरी श्रेणी ४ पैकी ३.६२, तर त्याच विभागाच्या नियमित वर्गांतील ३.२८. ३२९ विद्यार्थ्यांच्या बाबतीत किमान एका सत्रात या श्रेणीनेच सरासरी २.० च्या वर राहिली. त्यांतले १६९ खेळाडू होते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. त्या विभागातले बाकीचे प्राध्यापक नेमाने वर्ग घेत होते, आणि आफ्रिकन अध्ययन ही विद्याशाखा यात गुन्हेगार नाही. प्रकरण बाहेर आल्यावर सगळ्या विभागाकडे संशयाने पाहिले गेले. त्याची झळ अशा लोकांना बसली, ज्यांच्या सह्यांचासुद्धा परस्पर वापर झाला होता.

मंजुरी कोर्सला मिळते, वर्गाला नाही

चॅपल हिलमध्ये नवा कोर्स विभागातून निघून कला आणि विज्ञान महाविद्यालयाच्या प्रशासकीय मंडळापुढे जातो. या मंडळात प्राध्यापक असतात. कोर्सचे नाव, क्रमांक, वर्णन, श्रेयांक आणि तो कोणत्या अटी पूर्ण करतो, एवढे ते पाहतात. सगळ्या विद्यापीठाच्या पातळीवर प्राध्यापक परिषद आहे. तिच्या हाताखाली शैक्षणिक धोरण समिती आणि क्रीडाविषयक प्राध्यापक समिती अशा समित्या आहेत. रचना चांगली आहे, आणि आपल्याकडच्या अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद या साखळीशी तिचे बरेच साम्य आहे.

पेपर क्लासमधल्या कोर्सचे क्रमांक बहुतेक खरे होते. मंडळाने ते रीतसर मंजूर केले होते, आणि इतर सत्रांत इतर प्राध्यापकांनी ते फळ्यापुढे उभे राहून शिकवलेही होते. म्हणजे मंजुरीची फाइल उघडून पाहिली असती तरी त्यात खोट सापडली नसती. खोट होती ती पुढच्या पायरीवर, विशिष्ट सत्रात तो कोर्स कसा चालवला गेला त्यात. त्या पायरीवर समितीचे कामच ठरवलेले नव्हते. अभ्यासक्रम हा प्राध्यापकांच्या मंडळाचा विषय, वेळापत्रक हा विभागाच्या कार्यालयाचा, नोंदणी हा निबंधकांचा आणि शिकवणे हा त्या त्या शिक्षकाचा. या चौघांच्या सीमा जिथे भेटतात, तिथली जागा मोकळी राहिली.

पळवाट कशी तयार झाली

सुरुवात झाली ती स्वतंत्र अध्ययनातून. एखाद्या विद्यार्थ्याला नेहमीच्या कोर्सबाहेरच्या विषयावर प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली वाचन-लेखन करायचे असेल, तर त्यासाठी ही जुनी आणि अतिशय चांगली सोय आहे. तिच्यात वर्ग भरत नाही, हे गृहीतच असते. क्राउडर यांनी अडचणीतल्या विद्यार्थ्यांना मदत म्हणून ही सोय सैल केली. विभागप्रमुखांना ते ठाऊक होते. त्यांच्या नावाने सह्या करण्याची मुभाही क्राउडर यांना होती.

मग एक नियम आडवा आला. पदवीसाठी स्वतंत्र अध्ययनाचे १२ श्रेयांकच धरले जात. ही मर्यादा योग्य हेतूने घातलेली होती. पण मर्यादा ‘स्वतंत्र अध्ययन’ या नोंदीवर होती, न भरणाऱ्या वर्गावर नव्हती. १९९९ पासून तेच काम व्याख्यानाचा वर्ग म्हणून नोंदले जाऊ लागले. निबंधकांच्या यंत्रणेत तो साधा तीन श्रेयांकांचा वर्ग दिसे आणि १२ श्रेयांकांच्या मोजणीत येत नसे. नियम न मोडता नियमाचा हेतू निकालात निघाला.

त्याच्याही पुढचा एक प्रकार होता, आणि तो शोधायला सगळ्यात अवघड आहे. खरा वर्ग भरत असे, चाळीस-पन्नास जण नियमित बसत. पण त्याच यादीतल्या काही जणांना वर्गात न येता फक्त निबंध देण्याची सवलत असे. खोली ठरलेली, शिक्षक हजर, परीक्षा झालेली. बाहेरून कोणी डोकावले तर वर्ग चालूच दिसणार. अशा ठिकाणी उत्तर मिळते ते एकाच गोष्टीतून: श्रेणीच्या यादीतल्या प्रत्येक नावामागे मूल्यमापनाचे कोणकोणते तुकडे आहेत, हे पाहण्यातून.

शेवटच्या टप्प्यातले एक उदाहरण तर बोलके आहे. २०११ च्या उन्हाळी सत्रात नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा एक कोर्स सत्र सुरू होण्याच्या दोन दिवस आधी वेळापत्रकात आला. त्यात १९ जणांनी नाव घातले. त्यांतले १८ फुटबॉल खेळाडू होते आणि एक माजी खेळाडू. तो शिकवण्याचे १२,००० डॉलर विभागप्रमुखांना मिळाले, आणि वर्ग काही भरला नाही. पुढे त्याबद्दल त्यांच्यावर फौजदारी आरोप ठेवला गेला. चौकशीला सहकार्य केल्यामुळे तो २०१४ मध्ये मागे घेतला गेला. आता समितीच्या नजरेने या एका नोंदीकडे पाहा. मुदतीनंतर वेळापत्रकात भर पडली. यादीत जवळजवळ सगळे एकाच संघाचे. शिक्षक म्हणून खुद्द विभागप्रमुख, म्हणजे ज्यांची परवानगी लागते तेच. ही तीन चिन्हे तीन वेगळ्या कार्यालयांत पडून होती.

कोणाला काय दिसत होते

विभागप्रमुखांच्या नावावर वर्षाला तीनशेच्या घरात स्वतंत्र अध्ययने दिसत होती. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नये, मांडून पाहावा. पंधरा आठवड्यांच्या सत्रात एका विद्यार्थ्याला दर पंधरवड्याला एक तास दिला, तरी सात तास होतात. तीनशे विद्यार्थ्यांचे २,१०० तास. दोन सत्रांचे तीस आठवडे धरले तर आठवड्याला ७० तास केवळ भेटींचे. निबंध वाचणे, वर्ग घेणे आणि विभाग चालवणे यात धरलेले नाही. कोणालाही हे अशक्य आहे. त्यासाठी चौकशी अधिकारी लागत नाही. शिक्षकाचे नाव, कोर्सचा प्रकार आणि विद्यार्थिसंख्या असे तीन रकाने शेजारी ठेवणारा एक तक्ता पुरतो.

आणि तो तक्ता एकाने पाहिलाही होता. २००५-०६ च्या सुमारास महाविद्यालयाच्या एका वरिष्ठ सहअधिष्ठात्यांच्या हा फुगवटा लक्षात आला. त्यांनी विभागप्रमुखांना संख्या कमी करायला आणि सचिवांना आवर घालायला सांगितले. संख्या खरोखर घटली. इथे देखरेखीतली एक नेहमीची चूक दिसते. आकडा खाली आला म्हणजे रोग बरा झाला, असे धरले गेले. एवढे विद्यार्थी आता कुठे गेले, हा प्रश्न विचारला गेला नाही. व्याख्यान म्हणून नोंदलेले पेपर क्लास त्याच वेळी चालूच होते. इतके विद्यार्थी एका माणसाकडे होते तेव्हा त्यांचे निबंध कोणी तपासले, हेही कोणी विचारले नाही.

विभागांचा ठरावीक काळाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून आढावा होत असे, पण तो पदव्युत्तर शिक्षण विभागामार्फत. या विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रमच नव्हता, त्यामुळे तो या चक्रातून सुटला. आढाव्याची पद्धत एका कार्यालयाच्या सोयीने बांधली की अशी भोके राहतात. मुद्दाम कोणी ती ठेवत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकतात.

समुपदेशकांना सगळ्यात जास्त माहिती होती. कोणत्या वर्गात काय करावे लागते, हे त्यांना रोजच्या कामातून कळत होते, पण शैक्षणिक समितीला माहिती पुरवणे हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. शिवाय त्यांच्यातल्या काही जणांचा या वर्गांमुळे फायदाच होत होता. बास्केटबॉलच्या महिला संघाच्या समुपदेशक असलेल्या एका प्राध्यापिकेने २००८ मध्ये सचिवांना कोणती श्रेणी पुरेशी होईल ते ईमेलने कळवल्याचे वेनस्टीन अहवालात नोंदले आहे. त्याच पुढे २०११ ते २०१४ या काळात प्राध्यापक परिषदेच्या अध्यक्ष होत्या. समितीत कोण बसते आणि त्याची दुसरी टोपी कोणती, याची नोंद का ठेवायची, ते यावरून समजावे.

प्रश्न समितीपर्यंत आला तेव्हा

२००६ मध्ये ऑबर्न विद्यापीठातले असेच प्रकरण वर्तमानपत्रात आले. तिथे २००४ च्या अपराजित फुटबॉल संघातील १८ खेळाडूंनी समाजशास्त्र विभागात मार्गदर्शित वाचनाचे मिळून ९७ श्रेयांक घेतले होते. त्याच विभागातल्या एका प्राध्यापकांनी टीव्हीवर समाजशास्त्राचा गुणवंत विद्यार्थी म्हणून एका खेळाडूचा गौरव होताना पाहिला. त्या विद्यार्थ्याला आपण कधी वर्गात पाहिलेच नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी नोंदी तपासायला घेतल्या.

चॅपल हिलमध्ये त्या सुमारास खेळाडूंच्या अभ्यास केंद्रातल्या दोन अधिकाऱ्यांनी विषय काढला. त्यांच्या सांगण्यानुसार, व्याख्यानाचे काही वर्ग स्वतंत्र अध्ययनासारखे चालतात, असे त्यांनी क्रीडाविषयक प्राध्यापक समितीच्या कानावर घातले. वर्ग कसा घ्यायचा हे शिक्षक ठरवतो, असे त्यांना उत्तर मिळाले.

नेमके काय बोलले गेले, यावरून पुढे वाद झाला. माजी गव्हर्नर जिम मार्टिन यांच्या डिसेंबर २०१२ च्या अहवालात समितीला वेळीच सांगितल्याचा दावा होता. समितीतल्या प्राध्यापकांनी तो फेटाळला, आणि अहवालासाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने आपला दावा पातळ केला. प्रश्न कोणी, कोणत्या शब्दांत मांडला आणि समितीने काय ठरवले, हे इतिवृत्तात स्पष्ट नसल्यामुळे हा गोंधळ झाला. ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिणारे इतिवृत्त कोणाच्याच उपयोगाचे नसते. ज्याने प्रश्न मांडला त्याचे त्याने रक्षण होत नाही आणि ज्यांनी ऐकला त्यांचेही नाही.

शिक्षकाच्या स्वातंत्र्याचे ते उत्तर मात्र गंभीरपणे घ्यायला हवे, कारण ते प्रामाणिकपणे दिले गेले असणार. काय वाचायला द्यायचे, चर्चा घ्यायची की व्याख्यान द्यायचे, परीक्षा घ्यायची की निबंध घ्यायचा, हे शिक्षकाने ठरवावे. यात समितीने नाक खुपसू नये. पण शिक्षक मुळात आहे का, त्याने विद्यार्थ्याचे काम वाचले का, आणि नोंदीत लिहिलेला प्रकार आणि प्रत्यक्षातला प्रकार एकच आहे का, हे प्रश्न स्वातंत्र्याच्या कक्षेत येत नाहीत. श्रेयांक शिक्षक एकटा देत नाही, विद्यापीठ देते. तेव्हा त्या श्रेयांकाचा जाब सगळ्या प्राध्यापकवर्गाला द्यावा लागतो. ही रेषा चॅपल हिलच्या समितीने आखली नाही. आखली असती तर एका साध्या पत्राने काम झाले असते: या विभागात गेल्या चार सत्रांत व्याख्यान म्हणून नोंदलेले किती वर्ग ठरलेल्या खोलीत भरले?

चौकशा आणि त्यांचा आवाका

बाहेर येण्याची कारणे समितीबाहेरची होती. २०११ मध्ये एका खेळाडूने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्याचा स्वाहिलीच्या कोर्सचा निबंध कागदपत्रांत जोडला गेला. प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांनी त्यातली नक्कल शोधून काढली. मग एका खेळाडूची गुणपत्रिका स्थानिक वर्तमानपत्राच्या हाती लागली. त्याने प्रथम वर्षाचे वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात वरच्या पातळीचा कोर्स घेतलेला होता.

पहिली अंतर्गत चौकशी दोन वरिष्ठ प्राध्यापक-प्रशासकांनी केली आणि मे २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यांनी २००७ ते २०११ एवढाच काळ पाहिला. नऊ वर्ग असे निघाले, ज्यांत शिक्षक म्हणून नाव असलेल्यांनी आपण तो वर्ग घेतलाच नाही असे सांगितले. आणखी ४३ वर्ग जेमतेम शिकवले गेले होते. मार्टिन अहवाल १९९७ पर्यंत मागे गेला आणि संशयास्पद वर्गांची संख्या दोनशेच्या वर गेली. वेनस्टीन यांना सचिव आणि विभागप्रमुख दोघांच्याही मुलाखती मिळाल्या, म्हणून ते १९९३ पर्यंत पोचले. अंतर्गत चौकशीची चार वर्षांची चौकट सोयीची होती, पण उत्तर त्या चौकटीच्या बाहेर होते. सुरुवात सापडेपर्यंत मागे जायचे, असे कार्यकक्षेतच लिहिले पाहिजे.

प्राध्यापकांच्याही तीन जणांच्या उपसमितीने जुलै २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच्या मसुद्यात सचिवांच्या क्रीडा विभागाशी असलेल्या जवळिकीचा उल्लेख होता. तो अंतिम प्रतीत येऊ नये असा आग्रह परिषदेच्या अध्यक्षांनीच धरल्याचे नंतर ईमेलवरून उघड झाले. मसुद्यातला प्रत्येक बदल कोणी सुचवला आणि का स्वीकारला, हे फाइलमध्ये राहिले तर असे वाक्य गुपचूप वगळता येत नाही.

बाहेरच्या संस्थांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. मूल्यांकन करणाऱ्या प्रादेशिक संस्थेने जून २०१५ मध्ये विद्यापीठाला एक वर्षासाठी परिवीक्षेवर ठेवले. महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र १३ ऑक्टोबर २०१७ रोजी विद्यापीठाला शिक्षा करण्यास नकार दिला. वर्ग सर्व विद्यार्थ्यांना खुले होते, आणि शैक्षणिक फसवणूक कशाला म्हणायचे हे विद्यापीठानेच ठरवायचे, अशी तिची भूमिका होती. म्हणजे शेवटी चेंडू पुन्हा प्राध्यापकांच्याच अंगणात.

काय बदलले

सुधारणांची यादी सत्तरच्या वर गेली. त्यांतल्या ज्या खऱ्या अर्थाने पकड घेतात, त्या साध्या आहेत. स्वतंत्र अध्ययनासाठी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात लेखी करार हवा: विषय, भेटी, वाचन, काय सादर करायचे, श्रेणी कशी ठरणार. एका शिक्षकाकडे एका सत्रात दोनच विद्यार्थी. वर्ग ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत भरतो का, हे अधूनमधून न कळवता जाऊन पाहणे. श्रेणी शिक्षकाने स्वतःच्या खात्यातून भरणे, कागदी यादीवर सही करून नव्हे.

अचानक जाऊन पाहण्याला काही प्राध्यापकांचा राग आला. तो समजण्यासारखा आहे. प्रामाणिक माणसाच्या दारात निरीक्षक उभा राहिला की अपमान वाटतो. आमच्या मते या सगळ्यांत कमी अपमानकारक आणि जास्त उपयोगी उपाय आकड्यांचा आहे. निबंधकांनी दर सत्रानंतर समितीला एकच अहवाल द्यावा: खोली न मिळालेले वर्ग, मुदतीनंतर भर पडलेले वर्ग, एका शिक्षकाच्या नावावरची प्रमाणाबाहेरची विद्यार्थिसंख्या, बदललेल्या श्रेणी, आणि ज्या वर्गांत जवळजवळ सगळ्यांना एकच श्रेणी आहे ते वर्ग. यातली एकही नोंद दोष सिद्ध करत नाही. छोट्या सेमिनारमध्ये सगळ्यांना ए मिळू शकतो. पण एका वर्गापुढे तीन-चार खुणा एकत्र आल्या की विचारणा करायची, आणि ती विभागप्रमुखांमार्फत करायची नाही. चॅपल हिलमध्ये विचारणा त्यांच्याकडेच जात राहिली.

महाराष्ट्रातल्या समित्यांनी कुठे पाहावे

आपल्याकडे प्रकार तोच होईल असे नाही. आपली संलग्न महाविद्यालयांची व्यवस्था वेगळी, आणि लेखी परीक्षा बहुतांशी विद्यापीठ घेते. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खाली अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांचा बहुतेक वेळ सिलॅबस, श्रेयांक आणि गुणांची विभागणी यावरच जातो. प्रत्यक्षात काय शिकवले गेले हे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षावर आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या फाइलींवर सोडलेले असते. मंजुरी आणि अंमल यांच्यामधली फट इथेही आहे.

आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्या फटीत बसणारे श्रेयांक वाढले आहेत. पदव्युत्तर पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग, दुसऱ्या वर्षी ४ आणि ६ श्रेयांकांचे संशोधन प्रकल्प. पदवीलाही फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि इंटर्नशिप. कल्पना उत्तम आहेत. पण स्वतंत्र अध्ययनाप्रमाणेच यांत वर्ग भरत नाही हे गृहीत आहे, आणि गुण महाविद्यालयाच्या पातळीवर दिले जातात.

४ श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे १२० तास. वर्गात ६० विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोन शिक्षक असतील, तर प्रत्येकाकडे तीस जण येतात. प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी एकदा जाऊन यायला जाण्या-येण्यासह अर्धा दिवस लागतो, म्हणजे पंधरा पूर्ण दिवस. वर्कलोडमध्ये हे दिवस धरले नसतील तर भेटी होणार नाहीत आणि प्रमाणपत्रावरचा शिक्का हेच मूल्यमापन होईल. इथे दोष शिक्षकाचा नसतो. अभ्यास मंडळाने श्रेयांक दिले, पण मार्गदर्शनाचे तास कुठून येणार याचा हिशेब केला नाही. तेव्हा मंजुरीच्या बैठकीतच हा गुणाकार इतिवृत्तात आला पाहिजे.

त्यानंतर विद्या परिषदेने दर सत्राला नमुना काढावा. प्रत्येक विद्याशाखेतून चिठ्ठ्या टाकून वीस प्रकल्प निवडले तरी पुरे. फाइलमध्ये तीन गोष्टी शोधायच्या: मार्गदर्शकाने मधल्या टप्प्यावर दिलेला तारखेचा लेखी अभिप्राय, साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल, आणि तोंडी परीक्षेत विचारलेल्या प्रश्नांची नोंद. गुणपत्रक सुबक असून पहिली गोष्टच नसेल, तर त्या मार्गदर्शकाच्या सगळ्या फाइली मागवायच्या. नमुना काढणारा सदस्य त्या महाविद्यालयाचा, त्या संस्थेचा किंवा तिच्या व्यवस्थापनाचा नको. आणि आलेल्या तक्रारीवर समितीने कारवाई नको असे ठरवले, तर तेही कारणासह लिहून पुढच्या बैठकीत कायम करायचे.